ठिणगी नाही, म्हणजे तार मेली?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडं वादळानंतर हमखास ऐकू येतं: ‘तार खाली पडली ना, मग सबस्टेशनात ब्रेकर (लाइन तोडणारा स्विच) उडालाच असेल. ठिणगी कुठंय?’ साफ चूक. तार तुटली हे ब्रेकरला कळत नाही. करंटवर नजर ठेवून ब्रेकरला हुकूम देणाऱ्या रिलेला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट दिसला, तरच ब्रेकर उडतो. मे महिन्यात कपाशीच्या भेगाळलेल्या कोरड्या रानात ११ केव्हीच्या तारेतून कधीकधी जेमतेम काही अँपिअर जमिनीत उतरतात. रिलेला तो लोडचा रोजचा चढउतार वाटतो. तार मात्र जमिनीच्या मानानं सुमारे ६,३५० व्होल्टवर जिवंत! माणसाला मारायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो. शिवाय ब्रेकर उडाला, तरी लाइनीत पुन्हा वीज सोडून बघतातच. तारेजवळ सापडलात, तर पाय जुळवून, न उचलता सरकत मागं या; तारेभोवती जमिनीवर दोन पावलांमध्येही व्होल्टेज असतं. बैल आधी जातो तो यामुळंच: पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, व्होल्टेजही जास्त.