पोर्तुगालचं गाव कॅनव्हासवर कसं आलं: थोडी पार्श्वभूमी

पोर्तुगालची चित्रं म्हटली की पांढरी घरं, लाल कौलं, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, बैलगाडी, द्राक्षमळे आणि सगळीकडे सोनेरी ऊन. ही इमेज इतकी पक्की बसलीय की ती कायमच अशी होती असं वाटतं, पण तसं नाहीये, ती साधारण दीडशे वर्षांत तयार झाली आणि ती बनवणारे बहुतेक लोक शहरात बसणारे होते. गाव कोण बघतंय आणि कोणासाठी रंगवतंय हे लक्षात ठेवून पाहिलं तर हा सगळा इतिहास भारी इंटरेस्टिंग आहे.

त्याआधी शहरांची चित्रं होती, नाही असं नाही. लिस्बनच्या टाइल म्युझियममध्ये साधारण 1700 सालचा निळ्या-पांढऱ्या टाइल्सचा एक भलामोठा पॅनोरामा आहे, जवळपास 23 मीटर लांब, आणि 1755 च्या भूकंपात जे लिस्बन गेलं ते त्यात जसंच्या तसं दिसतं. पण साधं शेत, साधा शेतकरी हा चित्राचा मुख्य विषय होऊ शकतो हे तिथे बरंच उशिरा पटलं. लिस्बन आणि पोर्तोच्या आर्ट अकादमी 1836 मध्ये सुरू झाल्या, आणि पुढे तोमाश द अनुन्सियासाव नावाचा चित्रकार लिस्बनला लँडस्केप शिकवायला लागला, गुरंढोरं काढण्यात याचा हात चांगला होता.

याच अनुन्सियासावला मध्ये ठेवून जुआंव क्रिस्तिनो द सिल्व्हाने 1855 मध्ये एक चित्र काढलं, ‘सिंत्रातले पाच कलाकार’ (सिंत्रा म्हणजे लिस्बनजवळचं डोंगरातलं गाव). डोंगराळ जागा, मागे पेना राजवाडा, अनुन्सियासाव बसून चित्र काढतोय, इतर कलाकार मित्र आजूबाजूला आणि गावातले लोक कौतुकाने वाकून बघतायत. ते पॅरिसच्या प्रदर्शनात गेलं आणि राजा फर्नांदो दुसरा याने विकत घेतलं, मागचा तो राजवाडाही त्यानेच बांधलेला. मला हे चित्र फार आवडतं कारण सगळी गोष्ट यात उघड आहे, चित्रकार गावाकडे बघतोय, गाव चित्रकाराकडे, आणि पैसे राजाचे.

खरा बदल आला तो सिल्व्हा पोर्तोमुळे. हा 1850 चा, पोर्तो शहरातलाच, म्हणून तर नावात पोर्तो. 1873 मध्ये तो आणि मार्केस द ओलिव्हेरा सरकारी स्कॉलरशिपवर फ्रान्सला गेले, तिथे सिल्व्हा पोर्तो दोबिन्यी या फ्रेंच चित्रकाराकडे शिकला, म्हणजे बार्बिझोन गावाभोवती जमलेल्या फ्रेंच लँडस्केपवाल्यांची ती पद्धत, स्टुडिओत बसून झाडं कल्पनेने काढायची नाहीत, इझल उचलायचं आणि सरळ माळावर जायचं. 1879 मध्ये तो परत आला, त्याच वर्षी अनुन्सियासाव वारला आणि लँडस्केप शिकवायची ती जागा याला मिळाली, टायमिंग म्हणतात ते हेच. त्याच वर्षीचं त्याचं ‘शार्नेका द बेलश’ बघा, लिस्बनजवळचा एक ओसाड माळ, सूर्य मावळतोय, बस्स. किल्ला नाही, धबधबा नाही, नाट्यमय ढग नाहीत. तोपर्यंत अशा जागेला चित्रात घ्यायचं कुणाला सुचलं नसतं, आणि हेही घेतलं कोणी तर त्याच राजा फर्नांदोने!

पुढची चौदा वर्षं हा माणूस पेंढ्या भरलेल्या बैलगाड्या, बाजारातून परतणारी मंडळी, मेंढरं राखणारी पोर असलंच काढत राहिला आणि 1893 मध्ये जेमतेम 42 व्या वर्षी गेला. शिष्य त्याला ‘दिव्य गुरू’ म्हणायचे, जरा जास्तच आहे ते, पण त्याचा प्रभाव होता तेवढा. 1881 पासून त्याच्याभोवती लिस्बनच्या ‘लेआंव द ओरु’ या बिअर हॉलमध्ये चित्रकारांची मैफल जमायची, तिचं नाव पडलं ‘ग्रुपु दु लेआंव’, सिंहवाल्यांचा ग्रुप. कोलुंबानु बोर्दालु पिन्येरोने 1885 मध्ये त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांचं मोठं ग्रुप पोर्ट्रेट काढलं, त्यात वेटरपण आहे. गावाची चित्रं काढणाऱ्यांचा सगळ्यात फेमस फोटो म्हणावा तर तो शहरातल्या बारमधला, ही गंमत.

त्या टेबलावरचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जुझे माल्योआ, जन्म 1855, काल्दश द राइन्याचा. याने लांब आतल्या भागात फिगेइरो दुश विन्युश या छोट्या गावी घर बांधलं, नाव ठेवलं ‘कोश’, आणि तिथल्याच माणसांना मॉडेल करून मिरवणुका, नवस, भांडणं, प्रेमं रंगवली. त्याचं ऊन खरंच अंगावर येतं. पण तो नुसता गोडगोड नव्हता, 1907 च्या ‘बेवडे’ मध्ये सेंट मार्टिनच्या सणाला नवी वाइन पिऊन टेबलावर आडवी झालेली माणसं आहेत, आणि 1910 च्या ‘फादु’ (लिस्बनची ती उदास गाणी) मध्ये लिस्बनच्या मोरारिया वस्तीतला गिटारवाला आणि त्याच्यासमोरची बाई, सभ्य घरात टांगायचं चित्र नव्हेच ते. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्याच काळात उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांतून माणसं ढिगाने ब्राझीलला जात होती आणि 1906 मध्ये माल्योआचं प्रदर्शन रिओ द जानेरोला भरलं, जोरात चाललं. गाव सोडून गेलेल्यांना गावाचं ऊन हवं होतं. गाव का सोडलं ते चित्रात सहसा यायचं नाही.

टाइल्सवर हेच काम जोर्जे कोलासोने केलं. पोर्तोच्या सांव बेंतु स्टेशनच्या हॉलमध्ये सुमारे 20,000 टाइल्स आहेत, लढाया आणि राजे तर आहेतच पण द्राक्षांची तोडणी, पाणचक्की असलं ग्रामीण आयुष्यही आहे. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना ज्या निळ्या टाइल्स दिसतात, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या, त्या याच कोलासोच्या, 1935 च्या. गोव्याला जाणारे बरेच जण त्यांच्यासमोरून तसेच पुढे जातात.

मग चित्रकार आमादेउ द सोझा-कार्दोझो. अमारान्तजवळच्या गावातला, पॅरिसला जाऊन क्युबिझम (वस्तू मोडून भौमितिक तुकड्यांत दाखवायची शैली) पचवलेला, आणि 1913 मध्ये त्याने गावची मिरवणूक आणि घरचं स्वयंपाकघर तुकड्या-तुकड्यांत, भडक रंगांत मांडलं. बाकी सगळे बाहेरून बघत होते, हा आतला होता, आणि नेमकं त्याचंच काम लोकांना झेपलं नाही. 1918 च्या फ्लूमध्ये तो 30 व्या वर्षी गेला.

1933 नंतर हुकूमशहा सालाझारची राजवट पक्की झाली आणि तिला हे उन्हातलं समाधानी गाव फारच सोयीचं वाटलं. प्रचार खात्याच्या आंतोनियु फेरुने 1938 मध्ये ‘सगळ्यात पोर्तुगीज गाव’ अशी स्पर्धाच घेतली, मोन्सांतु जिंकलं, बक्षीस चांदीचा कोंबडा. म्हणजे आधी चित्र गावासारखं काढायचे, आता गावाने चित्रासारखं दिसायचं.

याला उत्तर आलं ते तरुण डाव्या चित्रकारांकडून. जुलियु पोमारने 1945 मध्ये गवत कापणारा मजूर काढला, अवाढव्य हात, खालून बघितल्यासारखा, यात सुट्टीचं ऊन नाही, कष्ट आहेत. 1947 मध्ये पोलिसांनी त्याला उचलून काही महिने आत टाकलं. पोर्तोच्या बताल्या सिनेमा थिएटरात तो तेव्हा भित्तिचित्रं करत होता, विषय काय तर सेंट जॉनची जत्रा, म्हणजे सरकारलाही आवडावा असाच, तरी 1948 मध्ये वरून ऑर्डर आली आणि त्यावर रंग फासला गेला. थिएटरच्या दुरुस्तीत ती चित्रं परत उघडी केली, आणि 2022 च्या डिसेंबरात थिएटर सुरू झालं ते त्यांच्यासकट.