बोर्डिंगचा फॉर्म: सहावा रकाना कशासाठी?

मालक बाहेरगावी गेले की त्यांचे कुत्रे आम्ही आमच्या बोर्डिंगमध्ये सांभाळतो. दिवाळी आणि मे महिन्याची बुकिंग सुरू झाली की आमच्याकडे फॉर्मची रीघ लागते. नाव, वय, जात, लसी, डॉक्टरांचा नंबर हे पहिले पाच रकाने सगळेजण व्यवस्थित भरतात. सहाव्यात आम्ही विचारतो: 'घरी दिवसभर काय करतो?' तिथे बहुतेक वेळा 'काही नाही, शांत आहे' असं लिहिलेलं असतं, नाहीतर नुसती आडवी रेघ. वर फोन येतो: जात लिहिली आहे ना, मग हे आणखी कशाला?

जात कळली की कुत्र्याच्या खापरपणजोबांचा धंदा कळतो. तो आम्हाला लागतोच. पण तुमचा कुत्रा तो धंदा अजून चालवतो की त्याने केव्हाच सोडला, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

सगळ्यात जास्त विचारणा जर्मन शेफर्डवाल्यांची. संध्याकाळचा व्हिडिओ पाठवला की लगेच उलट मेसेज येतो, 'कुंपणाला सारख्या फेऱ्या मारतोय, घाबरलाय का?' या जातीची पद्धतशीर जोपासना 1899 मध्ये सुरू झाली. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने जर्मनीतल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून ती उभी केली. तिकडे मेंढ्या चरायच्या त्या कुरणांना कुंपण नसायचं आणि शेजारी उभं पीक असायचं. मेंढी पिकात जाऊ नये म्हणून कुत्रा कडेकडेने दिवसभर येरझाऱ्या घालायचा. तेव्हा आमच्या अंगणाची कड पकडून तो चालत असेल तर त्यात नवल नाही. मात्र घरी तो असं कधीच करत नसेल आणि इथे जेवणसुद्धा सोडून फेऱ्या मारत असेल, तर तो बेचैन आहे आणि त्याला वेगळ्या खोलीत माणसाजवळ ठेवायला हवं. व्हिडिओत दोन्ही फेऱ्या सारख्याच दिसतात. 'गच्चीवर कठड्यालगत फिरतो' एवढं एक वाक्य सहाव्या रकान्यात असलं, तर ते ओळखण्यात आमचा अख्खा दिवस जात नाही.

बीगलचं असंच. इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीला बीगलची टोळी सोडत आणि शिकारी पायी मागून येत. झाडोऱ्यात कुत्रे दिसत नाहीत, म्हणून आवाजावरून माग काढायचा. साहजिकच मोठ्या गळ्याचे बीगल पिढ्यानपिढ्या पसंत केले गेले. फॉर्मवर 'शांत' लिहिलेला बीगल रात्री एकटा पडला की सूर लावतो आणि बाकीच्या खोल्या त्याला साथ देतात. सकाळी मालक म्हणतात, 'घरी तर कधी ओरडत नाही.' खरं आहे, कारण घरी आजी दिवसभर असतात! 'एकटा कधीच राहिलेला नाही' हे आधी कळलं तर त्याची खोली आमच्या रात्रीच्या माणसाला लागून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

लॅब्रॅडॉरबद्दल थोडक्यात. हे मूळचे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, थंड पाण्यात काम करणारे. पुढे ब्रिटनमध्ये टिपलेले पक्षी न चावता आणून देण्यासाठी त्यांची जोपासना झाली. तोंडात सतत काहीतरी हवं असतं ते त्यामुळे. तुमची जुनी चप्पल पिशवीत टाकलीत तरी चालेल, फक्त तसं लिहा. खादाडपणाचं कारण मात्र वेगळं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्यामुळे घरी नेल्यावर तो भांड्यावर तुटून पडला, तर आम्ही उपाशी ठेवलं असा निष्कर्ष कृपया काढू नका.

आता आपल्या दख्खनचे कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड. सोलापूर, विजापूर, बागलकोट या पट्ट्यातली ही सडपातळ, लांब पायांची जात नजरेवर शिकार करते. मुधोळच्या घोरपडे राजांनी तिला आश्रय दिला, 2005 मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, आणि अलीकडे लष्करानेही मुधोळ हाउंड प्रशिक्षणासाठी घेतले. लांबवर काही हललं की हा निघालाच, मग हाक ऐकू येत नाही. शिवाय याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून कारवान आमच्याकडे रुंद, ओढल्यावर आवळणाऱ्या पट्ट्याशिवाय दाराबाहेर जात नाही आणि छोट्या कुत्र्यांच्या अंगणात सोडला जात नाही. 'आमचा मांजरीसोबत वाढलाय' असं असेल तर जरूर लिहा, पण नियम तोच राहील. तसा पट्टा नसेल तर आमच्याकडे मिळतो.

हस्की सायबेरियाच्या चुक्ची लोकांचे, गाडी ओढणारे. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी औषध पोचवलं. त्यांना एसी खोली लागते, म्हणून दर जास्त. शिह त्झूचा दरही जास्त का, असंही विचारतात. चीनच्या राजवाड्यात या जातीचं काम माणसाजवळ बसणं एवढंच होतं, आणि जवळ बसायला आम्हाला माणूस नेमावा लागतो.

एवढं सांगून झाल्यावर कुणी म्हणेल, मग जातीवरूनच सगळं ठरवा की. तसं करता येत नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या 18 हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे 9 टक्केच जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. गादीवर लोळणारा शेफर्ड आणि फटाक्यांना न घाबरणारा पॉमेरेनियन आम्हीही पाहतो. गावठी कुत्र्यांना तर कुणी ठरवून एका कामासाठी घडवलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्या फॉर्मवर सहावा रकाना म्हणजेच सगळं. तिथे 'इंडी, हुशार' एवढ्यावर भागवू नका.

निबंध नको, चार ओळी पुरेत. एकटा किती तास राहतो, कशाच्या मागे धावतो, कशावर भुंकतो, काय उकरतो किंवा चावतो, कोणत्या आवाजाला पलंगाखाली जातो. खोड लिहिली म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही. न लिहिलेली खोड रात्री अकरा वाजता कळली, तर मात्र तुम्हाला प्रवासात फोन येतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही आधी अर्धा दिवस ठेवून बघायला सांगतो. काहींना हा पैसे काढायचा प्रकार वाटतो. पुढे बुकिंग केलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते. दिवाळीच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची सोय बंद असते, त्यामुळे ती त्याआधीच उरकून घ्या. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालतो. सहावा रकाना लिहायचा कंटाळा आला तर व्हॉइस मेसेज टाका, आम्ही ऐकून उतरवून घेतो.