अनुराधपुर : स्तूपांच्या पलीकडची राजधानी

श्रीलंकेतलं अनुराधपुर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, मधले थोडे खंड सोडले तर, सिंहली राजांची राजधानी होतं. चोळांच्या स्वारीनंतर सत्ता पोलोन्नरुवाला गेली आणि शहरावर रान माजलं. इंग्रजी अमदानीत लक्ष गेलं ते स्तूपांकडे. १८७० च्या दशकात वास्तुविशारद स्मिदर यांनी त्यांची मापं घेतली, १८९० मध्ये एच. सी. पी. बेल यांच्या हाताखाली पुरातत्त्व खात्याचं काम सुरू झालं. जेतवन स्तूप मुळात सुमारे १२० मीटर उंच. रानात हरवलेल्या जुन्या खुणा विमान, उपग्रह आणि रडारने वरून शोधल्या जातात, पण हा स्तूप शोधायला आकाशात जायची गरजच नव्हती.

कोडं होतं ते भोवतालच्या मुलखाचं. हा कोरडा पट्टा. मुख्य पाऊस वर्षअखेरच्या तीन-चार महिन्यांत पडतो, म्हणून सगळी भिस्त साठवणीवर. तिस्स वेव, नुवर वेव हे मोठे तलाव सर्वांना ठाऊक होते. पण खरं जाळं शेकडो गावतळ्यांचं. एकाच ओहोळावर ओळीने तळी, वरच्याच्या सांडव्यातून आणि शेतांतून निघालेलं पाणी खालच्यात. भूगोलतज्ज्ञ मद्दुम बंडारा यांनी १९८५ मध्ये या साखळीची नीट मांडणी केली. फुटलेल्या तळ्याचा बांध रानातून चालताना नुसता उंचवटा वाटतो. वरून मात्र तोच कमानीसारखा वळलेला दिसतो, आणि त्याच्या पोटातला गाळ ओल धरत असल्याने तिथली झाडी वेगळी उठून दिसते.

असं वरून पाहणं पुरातत्त्वासाठी सुरू झालं नाही. १९५० च्या दशकात कोलंबो योजनेखाली, म्हणजे आशियातल्या देशांच्या विकासासाठीच्या मदत योजनेखाली, कॅनडाच्या मदतीने विमानातून छायाचित्रं घेतली गेली, ती जमीन, जंगल आणि पाण्याच्या हिशेबासाठी. माझ्या मते आजही तीच सर्वांत मोलाची आहेत, कारण पुढे महावेली नदीवरच्या सिंचन प्रकल्पाच्या कालव्यांनी आणि नव्या वसाहतींनी बराच मुलूख बदलून टाकला. १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेच्या ‘कोरोना’ नावाच्या हेरगिरी उपग्रहांची १९६० च्या दशकातली चित्रंही याच कारणाने कामाची.

मग रडार आलं. लांब तरंगलांबीचे संकेत पानांच्या थरातून बरेच आत जातात. २००० मधल्या अमेरिकेच्या अंतराळयान मोहिमेने रडारवरून जमिनीच्या उंचीचे नकाशे दिले, पण त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. कलावेव या तलावातून तिस्स वेवला पाणी आणणारा योद एल हा पाट सुमारे ८७ किलोमीटरचा. त्याच्या पहिल्या १७ मैलांत उतार मैलाला सहा इंच, म्हणजे किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर. ज्या नकाशाची चूकच काही मीटरची, त्यात हा उतार कुठून दिसणार? पाटाची रेघ चित्रावरून काढायची आणि उतार जमिनीवर दुर्बीण लावून मोजायचा.

शिवाय चित्र वय सांगत नाही. बांध दुसऱ्या शतकातला की बाराव्या, हे खापरं आणि उत्खननच ठरवतात. पुरातत्त्वज्ञ रॉबिन कनिंगहॅम आणि श्रीलंकेतल्या सहकाऱ्यांनी २००५ ते २००९ दरम्यान, देशात यादवी चालू असताना, शहराभोवतीचा ५० किलोमीटर त्रिज्येचा मुलूख पायी तपासला. राजधानी आणि खेडी यांच्या मधली बाजारपेठेची गावं सापडतील अशी अपेक्षा होती. ती मिळाली नाहीत. मिळाले ते बौद्ध विहार. खेड्यापाड्यांचा कारभार विहारच पाहत असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर वाद होऊ शकतो, पण शिलालेख त्याच बाजूने बोलतात. जुन्या ब्राह्मी लेखांत भिक्षुसंघाला तळी आणि पाट दान दिल्याच्या नोंदी आहेत, आणि अनुराधपुरजवळच्या मिहिंतले इथल्या दहाव्या शतकातल्या शिलापट्टांवर विहाराच्या नोकरांची कामं आणि त्यांचा मोबदला तपशीलवार कोरलेला आहे.