वाळूच्या पोटातलं पाणी

पडद्यावर आधी एकच कण दिसतो, खडकाएवढा. मग अनेक कण, मग वाऱ्याने सरकणारा अख्खा डोंगर. हिरोशी तेशिगाहारा यांचा ‘वूमन इन द ड्यून्स’ (१९६४) असा सुरू होतो. कोबो आबे यांच्या कादंबरीवरचा हा जपानी कृष्णधवल चित्रपट जगण्याच्या अर्थाविषयीचा म्हणून ओळखला जातो. मला त्यातली वाळूच जास्त बोलकी वाटते.

भुंगेरे गोळा करायला आलेला एक शिक्षक गावकऱ्यांच्या डावात सापडतो. वाळूच्या खोल खड्ड्यातल्या घरात तो अडकतो. तिथली बाई रोज रात्री वाळू उपसते, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेवढीच. हा नशिबाचा खेळ नाही. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावरच टिकतो. पायथ्याची वाळू काढली की उतार जास्त उभा होतो आणि वरची वाळू घसरून तो पुन्हा पहिल्यासारखा करते. म्हणजे फावडं मारणारा हातच वरची वाळू खाली ओढत असतो.

उपसा रात्रीच का? तेव्हा वाळू दमट असते. दोन कणांच्या फटीत पाण्याचा इवलासा थेंब अडकतो आणि पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. अशी वाळू फावड्यावर नीट बसते. वाळूमुळे लाकूड कुजतं, असं बाई सांगते तेव्हा शिक्षक तिला हसतो. पण बरोबर तीच असते. समुद्रकाठच्या वाळूतलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं.

पुढे तो कावळा पकडायला एक बादली वाळूत पुरतो, त्या सापळ्याला ‘आशा’ असं नाव देतो. कावळा सापडत नाही, बादलीत पाणी साठतं! वातीतून तेल चढावं तसं पाणी कणांमधल्या बारीक फटींतून वर चढतं, हे केशाकर्षण. फट ०.१ मिलिमीटर त्रिज्येची असेल तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं, फट आणखी बारीक असेल तर त्याहून वर. पण फटींनी असं धरून ठेवलेलं पाणी आपणहून रिकाम्या बादलीत ठिबकत नाही. त्याची वाफ व्हावी लागते आणि ती झाकणाखाली गार होऊन थेंब बनावी लागते. बादली झाकलेली असते, म्हणून हे पटतं.

शेवटी एकदा दोराची शिडी खाली लोंबकळत राहून जाते. तो वर चढतो, समुद्र पाहतो, परत खाली उतरतो आणि बादलीतल्या पाण्यावर ओणवा होतो.