तक्रार करायची कुणाकडे? खेळाडूंच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

१८ जानेवारी २०२३ रोजी कुस्तीगीर विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि त्यांचे सहकारी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाचा आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले, तेव्हा ‘इतकी वर्षं गप्प का होता?’ असं त्यांना अनेकांनी विचारलं. याचं उत्तर हवं असेल, तर १९९० पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये हरियाणातल्या पंचकुला इथे रुचिका गिऱ्होत्रा या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला. तो करणारा एस. पी. एस. राठोड राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही. खेळाडूनं संघटनेकडे जावं किंवा पोलिसांकडे. दोन्ही ठिकाणी खुर्चीवर तोच. वरिष्ठांच्या चौकशीत तक्रारीत तथ्य आढळलं, गुन्हा नोंदवण्याची शिफारसही झाली. प्रत्यक्षात गुन्हा नोंदवला गेला १९९९ च्या अखेरीला. तोवर रुचिकाला शाळेतून काढून टाकलं होतं, तिच्या भावावर गाडीचोरीचे गुन्हे लादले गेले होते आणि डिसेंबर १९९३ मध्ये विष घेऊन तिनं जीव दिला होता. राठोड मात्र पोलीस महासंचालक झाला. २००९ मध्ये त्याला सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. अपिलात कैद दीड वर्षाची झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण तोवर भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. रुचिकाची मैत्रीण साक्षीदार म्हणून अखेरपर्यंत ठाम राहिली नसती, तर एवढंही झालं नसतं.

दरम्यान कायदा पुढे सरकत होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये दिलेला विशाखा निकाल, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा, २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. या शेवटच्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणून क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. कागदावर हे चोख आहे. पण २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं ज्या महासंघांना नोटिसा पाठवल्या, त्यांत अशी रीतसर समिती नसलेले अनेक महासंघ होते. कुस्ती महासंघ त्यांतलाच एक.

समिती असती तरी एक पेच उरतोच. शिबिराला कुणाला बोलवायचं, परदेशी स्पर्धेला कोण जाणार, शिस्तभंगाची नोटीस कुणावर काढायची, हे सगळं महासंघाच्या हातात. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षं मोजकी; एक निवड हुकली की ऑलिंपिकची चार वर्षं गेली. त्यात कायदा तक्रारीला तीन महिने देतो, फार तर आणखी तीन. वीस वर्षांची मुलगी गप्प राहते ती याच हिशेबानं, आणि त्यासाठी तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरातून एका सायकलपटूनं प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा क्रीडा प्राधिकरणानं त्याचा करार रद्द केला आणि महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. इतकी साधी गोष्ट तोवर सक्तीची नव्हती.

कुस्तीगीरांच्या पहिल्या धरण्यानंतर आरोपांच्या चौकशीसाठी बॉक्सर मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल जाहीर झाला नाही. २०२३ च्याच मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उंचावली. इकडे मुली आखाड्यात उतरत होत्या आणि एप्रिलमध्ये तिकडे देशाच्या पदकविजेत्या पुन्हा फुटपाथवर होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २८ एप्रिलला महासंघाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. बरोबर महिन्यानं, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनादिवशी, पोलिसांनी कुस्तीगीरांना फरपटत नेलं. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोप निश्चित केले. ब्रिजभूषण यांनी ते नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीतलं पॉक्सो प्रकरण, तिच्या वडिलांनी जबाब बदलल्यानंतर, मे २०२५ मध्ये बंद झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण, कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया, वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण, अशा त्यातल्या तरतुदी. रोख मुख्यतः राष्ट्रीय महासंघांवर आहे. गावातली तालीम, खासगी अकादमी यांत दहा कर्मचारी क्वचितच असतात. तिथल्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी. खेळाडू अठराच्या आतली असेल, तर प्रकार ठाऊक असलेल्या प्रत्येकावर, वस्तादापासून वसतिगृहाच्या वॉर्डनपर्यंत, पोलिसांना कळवण्याचं बंधन पॉक्सोच्या कलम १९ नं घातलेलं आहे.