दमट लपण

दमट लपण : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या काचपेटीत कात टाकण्यासाठी किंवा अंडी घालण्यासाठी केलेली बंदिस्त, ओलसर जागा. प्रस्तुत वर्णन लेपर्ड गेको (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, ब्लाइथ, 1854) या पालीपुरते आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ मुलखात ती दिवस कपारीत किंवा बिळात काढते. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा ओलसर असते. म्हणून पेटीची आर्द्रता 30–40 टक्के ठेवून फक्त लपणात ती सुमारे 70–80 टक्के राखतात. महाराष्ट्र-गुजरातेतील यूब्लेफॅरिस फस्कस ही तिच्या निकटची जात. ती रानातून धरून आणू नये.

रचना : सुमारे 20×15×10 सेंमी.चा झाकणाचा प्लास्टिक डबा घेऊन एका बाजूस 5 सेंमी. व्यासाचे एकच भोक पाडतात व कडा घासून गुळगुळीत करतात. दोन भोके ठेवल्यास ओल लवकर उडते. भोकाचा उंबरा तळापासून 4 सेंमी. वर असावा, म्हणजे आतला ओला थर बाहेर सांडत नाही. डब्याभोवती थर्माकोल कोरून खडकाचा आकार देतात आणि त्यावर टाइल ग्राउटचे (फरश्यांच्या फटी भरण्याच्या सिमेंटी मिश्रणाचे) तीन हात देतात. पहिला हात पातळ, नाहीतर तो खाचांत शिरत नाही. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. ग्राउट अल्कधर्मी असल्याने कवच काही दिवस पाणी बदलत भिजवून मगच बिनविषारी लेप लावावा. चिकटवण्यास बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन वापरावे. त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाल आत सोडू नये. झाकण मात्र कधीही चिकटवू नये. सुंदर पण न उघडणारे लपण साफ करता येत नाही आणि लवकरच टाकून द्यावे लागते.

खरी फरशी वापरल्यास तिचे आधार थेट पेटीच्या तळावर टेकवावेत. वाळूवर ठेवलेली फरशी पालीने खाली उकरताच खचते आणि पाल चिरडते.

आत उंबऱ्याच्या पातळीखाली राहील इतके स्फॅग्नम शेवाळ किंवा धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरतात. मुठीत पिळल्यावर थेंब पडू नये, इतपतच ओल पुरते.

पेटीत लपण कोठे ठेवावे याबद्दल एकमत नाही. काही पाळणारे ते पेटीच्या तापवलेल्या, उष्ण टोकाला (पृष्ठभाग 32–34° से.) ठेवतात. तेथे बाष्प भरपूर होते, पण पेटीला खालून ऊब देणाऱ्या विजेच्या चटईमुळे शेवाळ दिवसभरात सुकते. थंड टोकाला ओल टिकते, पण बुरशी धरते. मधली, उष्णतेकडे किंचित झुकलेली जागा अधिक सोयीची दिसते.

दोष : ओल कमी पडल्यास कातीची कडी बोटांवर आवळून राहते, रक्तप्रवाह थांबतो व बोट गळते, पापण्यांखालीही कात अडकते. पाणी साचल्यास पोटाच्या कातडीवर फोड येतात. विष्ठा दिसताच शेवाळ बदलावे.