पाश्चात्त्य देशांतलं आयुर्वेद शिक्षण

पाश्चात्त्य देशांतलं आयुर्वेद शिक्षण म्हणजे अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया असल्या ठिकाणी तिथल्याच लोकांना आयुर्वेदाचा व्यवसाय करता येईल इतपत शिकवायची व्यवस्था उभी करणं. शनिवार-रविवारचं मसाज वर्कशॉप किंवा योगा क्लासमधे जाता जाता सांगितलेले वात-पित्त-कफ यात धरत नाहीत. व्यवसाय म्हटलं की पेशंट आला, पेशंट आला की जबाबदारी आली, आणि मग सरकार विचारतं की तुम्ही कोण आणि तुम्हाला परवानगी कोणी दिली. सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

मराठवाड्यात हा विषय निघतो तो बहुतेक बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाची डिग्री करणाऱ्या पोरांमुळं. नांदेड आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, लातूर, उदगीर, बीड, संभाजीनगर इकडं खाजगी आहेत, सगळी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. नीटची परीक्षा द्यायची, साडेचार वर्षं शिकायचं, वर्षभर इंटर्नशिप करायची, आणि शेवटच्या वर्षाला कोणीतरी विचारतंच की सर, अमेरिकेत आयुर्वेदाला लई डिमांड हाय म्हणे, आपली डिग्री तिकडं चालती का? चालते म्हणजे, शिकवायला आणि सल्ला द्यायला उपयोगी पडते, पण तेवढ्यावर डॉक्टर म्हणून पाटी लावता येत नाही. का, ते कळायला तिकडचं शिक्षण कसं उभं राहिलं ते बघावं लागतं.

कायद्यानं काढलेली रेघ

आपल्याकडं १९७० च्या कायद्यानं भारतीय औषधपद्धतींची केंद्रीय परिषद आली, तिच्या जागी २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोग आला. म्हणजे वैद्य कोणाला म्हणायचं ते सरकारनं ठरवलं आणि त्या मापानं कॉलेज, हॉस्पिटल, खाटा, परीक्षा सगळं बेतलं. तिकडं बहुतेक ठिकाणी मापच नाही. तिथला कायदा साधारण असं म्हणतो की तुम्ही डॉक्टर नाहीत हे आधी मान्य करा, अमुक अमुक गोष्टींना हात लावू नका, मग बाकीचं काय करायचं ते करा. त्यामुळं तिथला सिलॅबस म्हणजे वजाबाकी करून जे उरतं ते, आणि ही वजाबाकी प्रत्येक देशात वेगळी.

अमेरिकेत आयुर्वेदाचं लायसन्स कोणतंच राज्य देत नाही. तरी शाळा निघाल्या, आणि सुरुवातीच्या मोठ्या नावांत एक मराठी माणूस आहे ही आपल्याला बरी वाटणारी गोष्ट. पुण्यात आयुर्वेद शिकलेले आणि तिथंच शिकवलेले वैद्य वसंत लाड अमेरिकेत गेले आणि १९८४ मधे न्यू मेक्सिको राज्यात त्यांनी द आयुर्वेदिक इन्स्टिट्यूट सुरू केली. ती बरीच वर्षं अल्बुकर्कीला होती, नंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला गेली. विशेष म्हणजे पेशंट बघायचा सराव व्हावा म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांना पुण्याला घेऊन यायचे, कारण तिकडं शाळेला जोडलेलं आयुर्वेदाचं हॉस्पिटलच नाही. यातच त्या सगळ्या शिक्षणाची अडचण आली. पुस्तक कुठंही पोचतं, ओपीडी पोचत नाही. १९९५ ला कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ आयुर्वेदा निघालं, पुढं अजून बऱ्याच शाळा झाल्या, आणि मग प्रत्येक शाळेचं सर्टिफिकेट वेगळं, तास वेगळे असा बाजार व्हायला लागला.

त्याला शिस्त लावायचं काम सरकारनं नाही, तिथल्याच लोकांच्या एका संघटनेनं केलं. नॅशनल आयुर्वेदिक मेडिकल असोसिएशन, सगळे तिला नामा म्हणतात. तिनं तीन पायऱ्या पाडल्या: ६०० तास शिकला तो हेल्थ काउन्सेलर, १५०० तासवाला प्रॅक्टिशनर आणि ४००० तासवाला आयुर्वेदिक डॉक्टर. पहिल्यानं आहार, दिनचर्या, प्रकृती एवढंच बघायचं, दुसऱ्यानं थोडं आजारापर्यंत जायचं, तिसऱ्यानं पूर्ण. नामाची परीक्षाही असते. पण हे खाजगी संघटनेचं माप आहे, सरकारी शिक्का नाही, आणि तिसऱ्या पायरीतला डॉक्टर हा शब्द पाटीवर लिहिला तर राज्याचा कायदा आडवा येऊ शकतो. आमच्याकडं साडेपाच वर्षं घासलेल्या पोराला ६०० तास ऐकून हसू येतं. येऊ द्या, पण ६०० तासवाल्याला काय करायला बंदी आहे तेही वाचावं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. २००३ पासून तिथं एक कायदा लागू आहे, त्यानुसार लायसन्स नसलेला माणूस उपचाराचं काम करू शकतो, मात्र सर्जरी नाही, कातडीला टोचायचं नाही, एक्स-रे नाही, प्रिस्क्रिप्शनची औषधं द्यायची नाहीत, आणि डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी बंद करा असं म्हणायचं नाही. पेशंटला लेखी द्यायचं की मी लायसन्स असलेला डॉक्टर नाही, माझं शिक्षण हे एवढं, त्यावर त्याची सही घ्यायची आणि तो कागद तीन वर्षं सांभाळायचा. आता आपला सिलॅबस समोर धरा. कातडीला टोचायचं नाही म्हटलं की जलौका (जळू लावणं) गेली, शिरावेध (शीर टोचून रक्त काढणं) गेला, क्षारसूत्र (औषधी धाग्यानं भगंदराचा इलाज) गेलं, म्हणजे शल्यतंत्र (सर्जरी) जवळपास सगळंच पुस्तकात बसलं. अभ्यंगासाठी अंगाला हात लावायचा तर बहुतेक राज्यांत मसाजचं वेगळं लायसन्स लागतं, म्हणून आयुर्वेद शिकणारी बरीच मंडळी आधी मसाज स्कूल करून येतात. बस्ती (औषधी एनिमा) आणि वमन (औषधानं उलटी करवणं) शिकवताना शाळा फार जपून पावलं टाकतात. उरतं काय, तर निदान म्हणजे दर्शन-स्पर्शन-प्रश्न, नाडी, आहार, ऋतुचर्या, वनस्पती, तेल, शिरोधारा. कमी आहे असं वाटतं खरं, पण आपल्या कॉलेजात स्वस्थवृत्ताला (निरोगी राहायच्या विषयाला) जेवढं मनावर घेतात त्यापेक्षा तिकडं जास्त घेतात, हे मान्य करायला पाहिजे.

युरोपातले तीन रस्ते

जर्मनीत हाइलप्राक्टिकर नावाचा प्रकार आहे, १९३९ च्या कायद्यातला. डॉक्टर नसलेल्या माणसाला उपचार करायची परवानगी मिळते, वय निदान २५ पाहिजे आणि आरोग्य खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. लेखीला ६० प्रश्न, त्यातले ४५ बरोबर, मग तोंडी. गंमत अशी की परीक्षेत आयुर्वेदाचा एक प्रश्न नसतो. माणूस धोकादायक नाही ना, संसर्गजन्य आजार ओळखतो ना, कुठल्या पेशंटला लगेच दवाखान्यात पाठवायचं ते कळतं ना, एवढंच बघतात. त्यामुळं तिथं शिकणारा एका हातानं मॉडर्न मेडिसिनचं घोकतो आणि दुसऱ्या हातानं अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ. दोन्हीचा एकमेकांशी संबंध लावायची जबाबदारी त्याची त्यानंच घ्यायची.

स्वित्झर्लंड सगळ्यात पुढं गेलंय. मे २००९ मधे तिथं पूरक उपचारांना राज्यघटनेत जागा द्यायची का यावर लोकांचं मतदान झालं, ६७ टक्के लोक हो म्हणाले. २०१५ ला निसर्गोपचार तज्ज्ञाच्या सरकारी डिप्लोमाला मंजुरी मिळाली, त्यात चार शाखा: आयुर्वेद, होमिओपॅथी, चिनी औषधपद्धती आणि युरोपची जुनी पद्धत. आधी मॉडर्न मेडिसिनचा पाया, मग शाखेचा अभ्यास, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम आणि शेवटी देशपातळीची परीक्षा. वसंत लाडांच्या विद्यार्थ्यांना ज्या सरावासाठी पुण्याला यावं लागायचं त्यातला काही भाग इथं व्यवस्थेतच बसवलाय. तरीही पास झाल्यावर दुकान उघडायची परवानगी त्या त्या कँटनची, म्हणजे तिथल्या प्रांताची.

ब्रिटनचं मात्र घोड्यावर बसता बसता राहून गेल्यासारखं झालं. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं पूरक उपचारांची गटवारी केली आणि आयुर्वेदाला तिसऱ्या गटात टाकलं, होमिओपॅथी पहिल्यात, अ‍ॅरोमाथेरपी दुसऱ्यात, त्यावरून तिथले वैद्य भडकले. मिडलसेक्स विद्यापीठात आयुर्वेदाची डिग्रीसुद्धा काही वर्षं चालली. वनस्पती औषधं देणाऱ्यांना कायदेशीर नोंदणी देऊ असं सरकारनं २०११ ला जाहीर केलं, २०१५ च्या अहवालानंतर ते बारगळलं. नोंदणीच नसेल तर तीन-चार वर्षं फी भरून डिग्री कोण करणार?

ऑस्ट्रेलियात आयुर्वेद व्यवसाय शिक्षणाच्या सरकारी चौकटीत येतो, डिप्लोमा आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा. आपल्या आयटीआयच्या धर्तीचं समजा, फक्त जास्त कागदपत्रांचं.

औषधाचा प्रश्न

शिक्षण उभं करताना सगळ्यात जास्त डोकं खातं ते द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचा विषय) आणि रसशास्त्र (पारा आणि धातूंच्या औषधांचा, भस्मांचा विषय). अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून आयुर्वेदाची औषधं आहारपूरक म्हणून विकली जातात, म्हणजे त्रिफळा विका पण त्यानं अमुक रोग बरा होतो असं डबीवर लिहू नका. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली दक्षिण आशियात बनलेली ७० उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मधे शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ते संशोधन २००४ ला मोठ्या मेडिकल जर्नलात आलं आणि तेव्हापासून भस्म हा शब्द तिकडं दबक्या आवाजात घेतात. रसशास्त्र शिकवलंच तर इतिहास म्हणून शिकवतात. आपल्याकडचे जुने लोक म्हणतात शोधन-मारण (धातू शुद्ध करून त्याचं भस्म करणं) नीट केलं की काही होत नाही, पण लॅबवाला तुमचं मारण बघत नाही, तो आकडा बघतो, आणि शिसं पोटात गेलेल्या माणसाला शास्त्रार्थ ऐकवून भागत नाही.

वेखंडाचं बघा. आमच्याकडं बाळगुटीच्या पुडीत वेखंड असतंच, सहाणेवर दोन-चार वेढे उगाळून आजी बाळाला चाटवते, सर्दी झाली की कपाळाला लेप. अमेरिकेत वेखंड खाण्याच्या पदार्थात घालायला १९६८ पासून बंदी आहे. तिथल्या विद्यार्थ्याला वचा (वेखंडाचं संस्कृत नाव) म्हणजे काय, मेध्य (बुद्धीला चांगली) कशी, हे सगळं पाठ असतं आणि द्यायची वेळ आली की ब्राह्मीवर यावं लागतं. सोमलता म्हणून आपण शिकतो त्या एफेड्राच्या गोळ्या-पूरकांवर २००४ ला बंदी आली.

युरोपात वेगळीच अट. २००४ च्या नियमानुसार पारंपरिक वनस्पती औषधाची नोंदणी करायची तर ३० वर्षांचा वापर दाखवायचा, त्यातली १५ वर्षं युरोपातली. चरकापासूनचा पुरावा आहे म्हटलं तरी युरोपातली पंधरा वर्षं कुठून आणायची? ३० एप्रिल २०११ ला मुदत संपली आणि कारखान्यातली बरीच तयार औषधं ब्रिटनमधल्या वैद्यांच्या फळीवरून उतरली. स्वतः पेशंट बघून त्याच्यासाठी स्वतः काढा, चूर्ण करून द्यायला मात्र मुभा राहिली, म्हणून तिथल्या शिक्षणात औषध बनवायला शिकणं भाग पडलं. नांदेडला सरकारी रसशाळा (आयुर्वेदाची औषधं बनवायची जागा) आहे, तिच्या शेजारी पाच वर्षं काढूनही एक अवलेह (च्यवनप्राशासारखं चाटण) स्वतःच्या हातानं न शिजवलेले डॉक्टर मला माहीत आहेत (नाव सांगत नाही, त्यात मीही येतो).

ऋतू, देश आणि ज्वारी

ग्रंथातले ऋतू सहा. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाल (अंगातलं बळ कमी होण्याचा), वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाल (बळ वाढण्याचा). आपल्याकडं वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन (जुलाब देणं) हे महिन्यासकट पाठ असतं. ते तसंच्या तसं मेलबर्नला शिकवलं तर वसंतातलं वमन तिथल्या पानगळीत पडेल. म्हणून चांगला शिक्षक महिने सोडून देतो आणि लक्षण शिकवतो, दोषाचा संचय (साठणं) कधी, प्रकोप (उसळणं) कधी, आपल्या गावात बर्फ वितळताना लोकांना काय होतं ते लिहून आणा म्हणतो. न्यू मेक्सिको कोरडा, उंचावरचा मुलूख, पाऊस मराठवाड्याहूनही कमी, म्हणजे जांगल देश. परभणीच्या पोराला तिथली भेगाळलेली टाच बघून लगेच ओळख पटेल. पण लंडनचा दमटपणा जालन्याच्या पोराला पुस्तकातूनच समजून घ्यावा लागतो. पथ्याचंही तेच. मुगाची खिचडी आणि तूप तिकडं इतकं रूढ झालंय की आयुर्वेद म्हणजे खिचडी असं त्यांना वाटायला लागलंय, ज्वारीची भाकर आणि ताक कोणी सांगत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं हा भाग वेगळा.

ग्रंथ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊन नव्यानं समजावून घ्यायची ही पहिली वेळ नाही. वाग्भट सिंधू प्रदेशातला मानतात आणि त्याच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका तेराव्या शतकात लिहिली ती हेमाद्रीनं, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या मंत्र्यानं. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद, संभाजीनगरहून तासाभरात जाऊन येता येतं. त्याच्या आणि आजच्या शिक्षकाच्या कामात फरक एवढाच की हेमाद्रीच्या वाचकाला संस्कृत येत होतं. पाश्चात्त्य शाळांत संस्कृत चार-दोन शब्दांपुरतं, ओज, अग्नी, आम एवढं मूळ ठेवतात, बाकी इंग्रजी भाषांतरावर. वात म्हणजे हवा असं एकदा डोक्यात बसलं की ते काढायला शिक्षकाचं अर्धं सत्र जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मधे आयुर्वेद शिक्षणाचे किमान मापदंड छापले, त्यात वैद्य वेगळा, थेरपिस्ट वेगळा, औषध देणारा वेगळा अशी विभागणी आहे, पण भाषेचा हा गुंता कुठल्या मापदंडात मावत नाही.

इथूनच आपल्याकडच्या वैद्यांना एक काम मिळालंय. तिकडं जाऊन पाटी लावता येत नाही, पण शिकवता येतं, आणि आता त्यासाठी विमानात बसायची पण गरज राहिली नाही. रात्री आठला इथं लॅपटॉप उघडला की शिकागोत सकाळ असते, न्यूयॉर्कला थोडी पुढं. पंधरा-वीस चौकोनी चेहरे पिट्टा, काफा करत बसलेले असतात, त्यांना आधी पित्त म्हणायला शिकवायचं, मग पित्ताचे पाच प्रकार, आणि मधेच लाइट गेली तर मोबाइलच्या नेटवर रंजक पित्तापासून पुढं.